बाबांना पालकत्व कार्यक्रमात आणायचं कसं? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पालकांसाठी कार्यशाळा, गरोदरपणातले वर्ग किंवा लहान मुलांच्या आईबाबांचे गट तुम्ही चालवत असाल, तर "बाबा येतच नाहीत हो" हे वाक्य तुम्ही म्हटलं तरी असेल किंवा ऐकलं तरी असेल. आमचं म्हणणं असं आहे की बऱ्याच ठिकाणी बाबांना कुणी नीट बोलावलेलंच नसतं. बोलावलं आणि ते आले, तरी तिथे त्यांच्यासाठी फारसं काही ठेवलेलं नसतं. या दोन्ही गोष्टी कार्यक्रम चालवणाऱ्यांच्या हातातल्या आहेत, म्हणून हे पान मुख्यतः त्यांच्यासाठी आहे. आईबाबांनीही ते जरूर वाचावं.

निमंत्रणात 'पालक' असं लिहिलेलं असतंच. मग बाबांना वेगळं बोलवायची काय गरज?

सगळ्यांसाठी म्हणून ठेवलेलं काम शेवटी त्याच्याच गळ्यात पडतं, ज्याच्या अंगावर ते आधीपासून असतं. मुलांचं बघणं बहुतेक घरांत आईकडे असतं, म्हणून पालकांना दिलेलं निमंत्रणही आपोआप आईचं होऊन बसतं.

पालकत्व रजेचा इतिहास पाहिला की हे लख्ख दिसतं. स्वीडनने १९७४ मध्ये मातृत्व रजेच्या जागी आई किंवा बाबा, कुणीही घेऊ शकेल अशी रजा आणली. असं करणारा तो पहिला देश. बाबांना कायद्याने पूर्ण मुभा होती, तरी पुढची वीस वर्षं रजेचे बहुतेक दिवस आयाच घेत राहिल्या. शेजारच्या नॉर्वेने १९९३ मध्ये चार आठवडे फक्त वडिलांसाठी राखून ठेवले. वडिलांनी ते घेतले नाहीत तर वाया जाणार, आईच्या खात्यात जाणार नाहीत, असा नियम केला. थोड्याच वर्षांत तिथले बहुसंख्य वडील रजा घ्यायला लागले. मग स्वीडननेही १९९५ मध्ये एक महिना राखीव केला, २००२ मध्ये दुसरा आणि २०१६ मध्ये तिसरा.

माणसं तीच होती, त्यांचं मुलांवरचं प्रेमही तेवढंच होतं. बदललं ते एवढंच की "ही तुमची जागा आहे" असं कुणीतरी त्यांना थेट सांगितलं. आपल्या पंधरा-वीस जणांच्या गटालाही हेच लागू पडतं.

बाबा आल्याने मुलांना खरंच फरक पडतो का?

पडतो. पालक प्रशिक्षणावरच्या २६ शोधनिबंधांचा एकत्र आढावा ब्रॅड लुंडाल आणि सहकाऱ्यांनी २००८ मध्ये प्रसिद्ध केला. ज्या कार्यक्रमांत वडिलांनाही सामील केलं होतं, तिथे मुलांच्या वागण्यात आणि पालकांच्या पद्धतींत जास्त चांगला बदल दिसला.

त्याच आढाव्यात दुसरीही एक गोष्ट निघाली. आयांच्या तुलनेत वडिलांनी स्वतःला कमी फायदा झाल्याचं सांगितलं. ही गोष्ट सहसा कुणी सांगत नाही, पण आपल्या कामासाठी तीच जास्त मोलाची आहे. बाबांना नुसतं खोलीत आणून बसवलं आणि आयांसाठी बेतलेला कार्यक्रम जसाच्या तसा चालवला, तर त्यांच्या पदरात थोडंच पडतं.

रवांडातला 'बांदेबेरेहो' हा कार्यक्रम मुळातच वडिलांना धरून आखलेला होता. बाळ होऊ घातलेले किंवा लहान मुलं असलेले पुरुष जास्तीत जास्त १५ सत्रांना यायचे, त्यातल्या ८ सत्रांना त्यांच्या जोडीदारही असायच्या. चिठ्ठ्या टाकाव्यात तसे दोन गट पाडून त्याचा अभ्यास झाला आणि निष्कर्ष २०१८ मध्ये प्रसिद्ध झाले. कार्यक्रमातल्या घरांत बायकांवरची मारहाण कमी होती, मुलांना मारणंही कमी होतं. पुरुष गरोदरपणातल्या तपासण्यांना जास्त वेळा सोबत जात होते आणि घरकामाला, मुलांना जास्त वेळ देत होते. सहा वर्षांनी पुन्हा पाहिलं तेव्हाही यातला बराच फरक टिकून होता.

मग बाबा येत का नाहीत? इच्छाच नसते ना?

काहींना नसते, हे खरं आहे. पण इच्छा नाही असं ठरवून मोकळं होण्याआधी आपल्या कार्यक्रमाकडे बाबांच्या बाजूने एकदा बघा.

नोंदणीच्या फॉर्मवर आईचं नाव, आईचा फोन नंबर. बाबांच्या नंबरला रकानाच नाही, किंवा आहे पण भरलाच पाहिजे असं नाही. सत्र मंगळवारी सकाळी अकराला. भिंतीवरच्या पाचही चित्रांत बाळ आईच्या कुशीत. दारात स्वागताला बाई, आत सगळ्या बाया, आणि बोलणं आधीच रंगात आलेलं. एखादा बाबा धीर करून आलाच, तर "अरे वा, आज बाबा आलेत!" म्हणून टाळ्या. हेतू चांगला असतो, पण त्या टाळ्यांनी त्याला कळतं की इथे आपण पाहुणे आहोत. पाहुणा एकदा येतो. दर आठवड्याला येत नाही.

यात आणखी एक अडचण असते आणि ती कुणी बोलून दाखवत नाही. पालकत्वाच्या वर्गाला जायचं म्हणजे आपलं काहीतरी चुकतंय असं बऱ्याच पुरुषांना वाटतं. इथे आपल्याला तपासणार, बायकोसमोर चुका काढणार, ही भीती असते. ती अगदीच निराधार नसते. बाबांना बोलावून त्यांना ते घरी काय काय करत नाहीत याची यादी ऐकवणारी सत्रं होतात. असं सत्र एकदा झालं की त्या गटात बाबा पुन्हा दिसत नाहीत.

कामाच्या वेळा हे कारण खरंच आहे, त्यावर पुढे बोलू. पण आमच्या मते ते तिसऱ्या क्रमांकाचं आहे.

आईकडे निरोप दिला तर पुरत नाही का?

नाही पुरत. आईला सांगितलं, "यांनाही घेऊन या", की तिच्या डोक्यावर आणखी एक काम चढलं. मुलाची तयारी, स्वतःची तयारी आणि नवऱ्याची मनधरणी. तो आला नाही तर ओशाळायचंही तिनेच. आणि त्याच्या कानावर काय जातं? "त्यांनी बोलावलंय, येणार का?" यावर "तू जाऊन ये ना" हे उत्तर तयारच असतं.

फोन थेट बाबांना करा. नाव घेऊन बोला, मुलाचं नाव घ्या आणि नेमकं काय होणार ते सांगा. "तुम्ही आलात तर बरं होईल" असं मोघम बोलण्यापेक्षा हे पाहा: "ईशान रात्री झोपायला फार त्रास देतो असं तुमच्या घरून कळलं. शनिवारी आपण त्यावरच बोलणार आहोत. दीड तास लागेल, आणखी सात-आठ बाबा असतील. घरी तुम्ही काय करून पाहता ते मला तुमच्याकडून ऐकायचंय." बोलणं दोन मिनिटांचं, पण त्यात त्याला कळलं की किती वेळ लागेल, तो एकटा पडणार नाही आणि त्याच्याकडे सांगण्यासारखं काही आहे असं आपण धरून चाललो आहोत.

आधी आलेल्या एखाद्या बाबाने फोन केला तर फारच उत्तम. सत्र घेणारी व्यक्ती प्रशिक्षित आहे आणि या कार्यक्रमाचा उपयोग होतो हेही सांगा. पुरुषांना या गोष्टी हव्या असतात, फक्त ते विचारत नाहीत.

सत्राची वेळ कोणती ठेवावी?

बाबांना विचारून ठरवा. संध्याकाळ आणि सुट्टीचा दिवस बऱ्याच जणांना सोयीचा असतो, पण पाळीत काम करणाऱ्याला तोही नसतो. वेळेवर संपवा. "अजून दहाच मिनिटं" असं दोनदा झालं की तिसऱ्यांदा माणूस येत नाही. एखादं सत्र हुकलं तर त्याचा गोषवारा फोनवर सांगायची सोय ठेवा, म्हणजे एक खाडा पडला म्हणून गटातून गळती होत नाही.

फक्त बाबांचा गट करावा की जोडप्यांचा?

यावर एक चांगला अभ्यास आहे. फिलिप आणि कॅरोलिन कॉवन, मार्शा क्लाइन प्रुएट आणि काइल प्रुएट यांनी कॅलिफोर्नियात कमी उत्पन्नाच्या २८९ जोडप्यांबरोबर काम केलं आणि २००९ मध्ये निष्कर्ष मांडले. काहींना १६ आठवड्यांचा फक्त वडिलांचा गट, काहींना तेवढाच जोडप्यांचा गट आणि काहींना फक्त एक माहिती सत्र. एका सत्रवाल्यांच्या मानाने दोन्ही गटांतल्या घरांत वडिलांचा मुलांमधला सहभाग वाढला. पण जोडप्यांच्या गटातला फायदा जास्त सातत्याचा होता आणि जास्त टिकला.

कारण उघड आहे. बाबा गटात शिकून घरी जातो, पण घरातले नियम दोघांनी मिळून बनलेले असतात. एकट्याने बदलायला गेला की रोज खटके. दोघांनी एकत्र ऐकलं तर निदान वाद कशावरून चाललाय हे तरी दोघांना कळतं.

तरी फक्त बाबांच्या सत्रांनाही जागा आहे. बायको शेजारी असताना "मला बाळाला हातात घ्यायची भीती वाटते" हे बोलणारा पुरुष विरळा. आमचा कल मिश्र आखणीकडे आहे. सुरुवातीची दोन-तीन सत्रं बाबांची, मग बरीचशी दोघांची आणि मधूनमधून पुन्हा बाबांची. बांदेबेरेहोची रचनाही साधारण अशाच विचाराची होती.

सत्र पुरुषानेच घ्यायला हवं का?

असलंच पाहिजे असं नाही. स्त्री-पुरुष जोडीने घेतलं तर चांगलं, कारण दोघं एकमेकांना बोलू देतात, मतभेद नीट हाताळतात, हे गटाला डोळ्यांनी दिसतं. पण बाबांना मनापासून ऐकणारी बाई ही उपदेश करणाऱ्या पुरुषापेक्षा कितीतरी चांगली.

बाबा येतात, पण बोलत नाहीत. फोनमध्ये डोकं घालून बसतात.

पहिला प्रश्न कोणता विचारलात ते आठवा. "वडील म्हणून तुमच्या भावना काय आहेत?" असं विचारलं की खोली गप्प. "तुम्ही मुलाला किती वेळ देता?" असं विचारलं की जो तो बचावाच्या पवित्र्यात.

त्याऐवजी विचारा, "तुमचं पोर खदखदून हसावं म्हणून तुम्ही नेमकं काय करता?" दाराजवळच्या खुर्चीत फोन चाळणारा कुणीतरी मान वर करतो. "मी घोडा होतो," तो म्हणतो. "म्हणजे, गुडघ्यांवर. ती पाठीवर. आणि मी अचानक थांबतो. थांबलो की हसते." शेजारचा म्हणतो, "आमच्याकडे पण थांबण्यालाच हसतात." आता सत्र घेणाऱ्याने भाषण सुरू करायचं नाही. एवढंच विचारायचं, "थांबायची वेळ झाली हे तुम्हाला कसं कळतं?" तो विचारात पडतो. सांगतो की तिची पकड घट्ट होते, श्वास रोखते, मग थांबायचं. बाळाचे इशारे ओळखणं हा विषय आपण फळ्यावर लिहून शिकवणार होतो, तो त्याने स्वतः करून दाखवला.

पुरुष करता करता जास्त बोलतात. समोरासमोर गोल करून बसवण्यापेक्षा हाताला काहीतरी काम द्या. बाहुलीला लंगोट बांधायचा, मुलासाठी खेळणं बनवायचं, बाळाला गुंडाळायचं. हात कामात असले की नजरानजर होत नाही आणि जीभ सैल सुटते. आणि जो खरंच बोलत नाही, त्याला बोलतं करायचा हट्ट धरू नका. ऐकून घरी जाऊन करणारेही असतात.

कोणते विषय घ्यावेत?

मायकेल लॅम्ब आणि सहकाऱ्यांनी १९८०च्या दशकात वडिलांच्या सहभागाचे तीन पदर सांगितले, ते आखणीला अजूनही उपयोगी पडतात. मुलाबरोबर थेट काहीतरी करणं हा पहिला. मुलाला हवं तेव्हा जवळ, हाताशी असणं हा दुसरा. तिसरा म्हणजे जबाबदारी: लस कधी आहे, बूट लहान झालेत का, उद्या डब्यात काय, ताप आला तर कुणाला फोन करायचा, हे सगळं डोक्यात ठेवणं. बहुतेक कार्यक्रम पहिल्या पदरावर संपतात. बाबा मुलाशी खेळायला लागले की आपण खूश. पण आईचा थकवा बराचसा तिसऱ्या पदरात असतो. म्हणून एक तरी सत्र असं घ्या ज्यात बाबा एखादी गोष्ट मुळापासून शेवटपर्यंत स्वतःकडे घेईल. लसीकरण घेतलं तर तारीख लक्षात ठेवणं, वेळ ठरवणं, घेऊन जाणं, रात्रीचा ताप बघणं, सगळं त्याचं. तिने आठवण करायची नाही.

खेळाला मात्र कमी लेखू नका. दंगामस्तीच्या खेळात मुलं आवेग आवरायला, समोरच्याला लागणार नाही इतपतच जोर लावायला शिकतात, असं डॅनिएल पॅकेट यांच्यासारख्या अभ्यासकांनी मांडलं आहे. अट एकच, मूल नको म्हणालं की थांबायचं.

बाळ लहान असेल तर रडण्यावर एक अख्खं सत्र हवंच. निरोगी बाळाचं रडणंही पहिले काही आठवडे वाढत जातं, साधारण सहाव्या आठवड्याच्या आसपास सर्वात जास्त असतं आणि मग उतरतं. हे ठाऊक नसलेल्या बाबाला वाटतं की आपल्यालाच जमत नाही, बाळाला आपण नकोच आहोत. थकव्याने, संतापाने बाळाला गदागदा हलवलं तर मेंदूत रक्तस्राव होऊन ते दगावू शकतं, हे स्पष्ट शब्दांत सांगा. राग अनावर झाला तर बाळाला सुरक्षित जागी उताणं ठेवायचं, खोलीबाहेर जायचं, दहा मिनिटं श्वास घ्यायचा, कुणाला तरी फोन करायचा. बाळ तेवढा वेळ रडलं तरी चालेल. ही परवानगी बाबांना कुणीतरी तोंडाने द्यावी लागते.

पुरुषांना हे निसर्गतःच जमत नाही, असं नाही का?

शरीर तसं सांगत नाही. फिलिपिन्समधल्या ६२४ तरुणांचा काही वर्षं मागोवा घेऊन ली गेटलर आणि सहकाऱ्यांनी २०११ मध्ये दाखवलं की बाप झाल्यावर पुरुषांचं टेस्टोस्टेरॉन हे संप्रेरक उतरतं आणि रोज तीन किंवा अधिक तास मुलांचं करणाऱ्यांत ते आणखी कमी असतं. म्हणजे पुरुषाचं शरीरही मुलं सांभाळण्याशी जुळवून घेतं. इस्रायलमध्ये रूथ फेल्डमन यांच्या चमूने २०१४ मध्ये पाहिलं की जे बाबा बाळाची मुख्य जबाबदारी सांभाळतात, त्यांच्या मेंदूतला भावनांशी निगडित भाग आयांसारखाच जागा होतो. सवयीने हात बसतो, तसा मेंदूही बसतो. आईलाही पहिल्या दिवशी सगळं येत नसतं. तिला सराव मिळतो, त्याला मिळत नाही.

बाबा करायला जातात, पण आईच मध्ये पडते. यावर काय करावं?

हे खूप घरांत होतं. बाबा बाळाला झबलं घालतोय. डोकं आधी घातलं, हात अडकला, बाळ कुरकुरलं. आई दारातून पाहते, दोन क्षण थांबते आणि "तसं नाही, द्या इकडे" म्हणून बाळ घेते. अर्ध्या मिनिटात झबलं घालून होतं. बाबा बाजूला उभा. पुढच्या वेळी तो झबल्याला हात लावत नाही आणि ती म्हणते, हे काहीच करत नाहीत. दोघांचंही खरं असतं.

सारा ॲलन आणि ॲलन हॉकिन्स यांनी १९९९ मध्ये याचा अभ्यास मांडला. आई काही दुष्टपणाने असं करत नाही. बाळाचं नाक वाहिलं, कपडे मळले तर बोल तिला लागतात, त्याला कुणी विचारत नाही. म्हणून लगाम तिच्याच हाती ठेवणं तिला भाग पडतं. तिला "सोडून द्यायला शिका" असं सांगण्याआधी हा भार मान्य करा.

मग एक साधा घरचा अभ्यास द्या. आठवड्यातले ठरलेले दोन तास बाळ फक्त बाबांकडे. आई घराबाहेर, नुसती शेजारच्या खोलीत नाही. परत आल्यावर तिने सुधारणा सांगायच्या नाहीत आणि त्याने कौतुकाची वाट बघायची नाही. पहिल्या खेपेला बाळाचे कपडे उलटे असतील. बाळाला त्याचं काही वाटत नाही.

बाबांना एवढं पुढे आणताना आईचं म्हणणं मागे पडत नाही का?

पडू शकतं, आणि ही शंका आम्हाला अगदी रास्त वाटते. जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ मध्ये गरोदरपण, बाळंतपण आणि त्यानंतरच्या काळात पुरुषांच्या सहभागाची शिफारस केली, पण एका अटीवर: स्त्रीची निवड आणि तिची स्वायत्तता जपली गेली पाहिजे. बाबा तपासणीला सोबत हवेत की नकोत, हे तिला एकटीला विचारा. निर्णयाचं बोलणं त्याच्याशी आणि वजन-रक्तदाब तिचा, असं होऊ देऊ नका. सोबत कुणी नाही म्हणून एखाद्या बाईला ताटकळत ठेवणं किंवा परत पाठवणं तर कधीच नाही.

घरात मारहाण होत असेल तर?

तर क्रम बदलतो. आई आणि मुलांची सुरक्षितता आधी, बाबांचा सहभाग नंतर. नोंदणीच्या वेळी दोघांशी वेगवेगळं बोला आणि घरात भीती वाटते का हे तिला एकांतात विचारा. हो असेल तर त्यांना जोडप्यांच्या गटात बसवू नका. ती तिथे जे बोलेल त्याची किंमत तिला घरी मोजावी लागू शकते. तिला प्रशिक्षित मदतीपर्यंत पोचवा. मारहाण करणाऱ्या वडिलांसाठी वेगळी रचना लागते. कॅनडात सुरू झालेला 'केअरिंग डॅड्स' हा त्याचाच एक नमुना, त्यात मुलांच्या आईशीही संपर्क ठेवला जातो. साध्या पालकत्व गटाने हे काम अंगावर घेऊ नये.

बाबांनाही बाळंतपणानंतर नैराश्य येतं का?

येतं. जेम्स पॉलसन आणि शार्नेल बेझमोर यांनी २०१० मध्ये ४३ अभ्यास एकत्र पाहिले. बाळाची चाहूल लागल्यापासून ते बाळ वर्षाचं होईपर्यंतच्या काळात सुमारे १०.४ टक्के वडिलांत नैराश्य आढळलं, आणि आईला नैराश्य असेल तिथे बाबांनाही असण्याची शक्यता जास्त होती. म्हणजे दहा बाबांच्या गटात एखादा असेलच असं धरून चाला. पुरुषांत ते अनेकदा रडण्यातून दिसत नाही. चिडचिड, उशिरापर्यंत कामावर थांबणं, पिणं वाढणं, घरात असून नसल्यासारखं राहणं, अशा वाटांनी ते बाहेर येतं. सत्र संपल्यावर मागे रेंगाळणाऱ्या माणसाला "झोप लागते का हल्ली?" एवढं जरूर विचारा. आणि त्याला पुढे कुणाकडे पाठवायचं ते आधीच ठरवून ठेवा.

दूर नोकरीला असलेल्या किंवा वेगळं राहणाऱ्या बाबांना कसं सामावून घ्यायचं?

ऑस्ट्रेलियात न्यूकॅसल विद्यापीठातल्या रिचर्ड फ्लेचर यांच्या चमूने 'एसएमएस-फॉर-डॅड्स' ही सेवा उभी केली. बाळाच्या वयानुसार बाबांच्या फोनवर छोटे संदेश येतात, काही तर बाळच बोलतंय अशा थाटाचे. गटाला येऊ न शकणाऱ्यांसाठी हा चांगला मार्ग आहे. दूर असलेल्या बाबाने रोज ठरलेल्या वेळी व्हिडिओ कॉलवर गोष्ट वाचली तरी ती त्याची जागा होते. लहान मुलाला वेळेचं पक्केपण हवं असतं, तासभर बोलणं नको असतं.

आईबाबा वेगळे झाले असतील तर दोघांना एकाच सत्राला बोलावण्याचा आग्रह नको. वेगवेगळ्या दिवशी तेच साहित्य द्या आणि एकाचं बोलणं दुसऱ्याकडे पोचवायचं नाही हा नियम कडक पाळा.

ज्या घरात बाबा नाहीतच, त्यांचं काय?

त्यांना उणं वाटेल असं एक वाक्यही तोंडून जाऊ देऊ नका. एकटी आई, दोन आया, आजोबा, मामा, काका, जो कुणी त्या मुलाला रोज वाढवतो तो आपल्या गटातला. 'बाबांसाठी' राखलेल्या सत्राला मुलाचा सांभाळ करणारा कुणीही पुरुष येऊ शकतो, हे निमंत्रणातच लिहा.

कार्यक्रम यशस्वी झाला हे कशावरून समजायचं?

हजेरी मोजा, पण आई आणि बाबांची वेगळी. 'पालक उपस्थिती ९० टक्के' या आकड्यात एकही बाबा नसला तरी कळत नाही. पहिल्या सत्राला किती बाबा आले यापेक्षा शेवटच्याला किती उरले ते पाहा. आणि बदलाबद्दल फक्त बाबांना विचारू नका. आईला विचारा, गेल्या आठवड्यात बाळासाठी कोणतं काम तुमच्या डोक्यातून पूर्ण उतरलं? मूल बोलत असेल तर त्याला विचारा, पडलास तर कुणाकडे जातोस?

आमच्याकडे पैसा नाही, माणसं नाहीत. निदान सुरुवात कुठून करावी?

नोंदणीच्या फॉर्मपासून. बाबांचं नाव आणि नंबर यांचे रकाने घाला, ते भरून घ्या. ज्या घरी बाबा नाहीत किंवा ज्या आईला तो नंबर द्यायचा नाही, तिथे कारण न विचारता रकाना मोकळा ठेवा. मग आठवड्याला पाच बाबांना फोन. भिंतीवरच्या चित्रांपैकी दोन बदला. पहिल्या सत्राला तीनच बाबा आले तरी ते पूर्ण तयारीने घ्या, "बाकीचे आले असते तर बरं झालं असतं" असं आलेल्यांना ऐकवू नका. पुढच्या फोनसाठी त्यातल्याच एकाला सोबत घ्या.